म्हशीच्या निम्मं

वहिनींचं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी पुण्यात फार्मसीच्या शेवटच्या परीक्षेला बसले होते. पेपर संपवून केडगावला उतरले तर घरात सगळं आवरून झालेलं. पाळणा माळ्यावर गेला होता आणि वहिनी मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. "कळा लई जोरात आल्या, बाळाला सोसल्या न्हाईत," एवढंच आई म्हणाली. दवाखान्यात काय टोचलं, किती टोचलं, कुणी टोचलं, असं मी विचारत सुटले. कुणालाच काही सांगता येईना. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून होते. ते एक शब्द बोलले नाहीत. मुलीसमोर रडू नये म्हणून ते गप्प आहेत, असं मला वाटलं.

माझा राग जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर. दवाखान्यानंच कळांचं औषध बेहिशोबी दिलं असणार, हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढं एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले आणि वरच्या पदवीसाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हाही डोक्यात तेच होतं. तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या दवाखान्यांत कळा आणायचं औषध कसं वापरतात, ते कशात साठवतात, किती देतात, कुणाच्या सांगण्यावरून देतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. माझे गाइड सर म्हणाले, "बाई, सोपं काहीतरी घ्या. खोकल्याच्या औषधांवर करा." मला कुणाच्या खोकल्यात रस नव्हता.

शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यापासून सुरुवात केली. तिथं या औषधाच्या काचेच्या कुप्या खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात ठेवलेल्या. हे औषध थंडाव्यात ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर उतरतो. "फ्रिज कुठाय?" म्हणून विचारलं तर फ्रिजमध्ये दह्याचं पातेलं, कोथिंबिरीची जुडी आणि कुणाच्या तरी डब्यातली भेंडी. औषध लागू पडेना म्हणून ते आणखी द्यायचे, आणि कधी नवी कुपी हाती आली की तेवढ्यानं कळा भडकायच्या. मी तिथं असा काही आवाज चढवला की दुसऱ्याच दिवशी भेंडी बाहेर आली आणि कुप्या आत गेल्या. बायकांची बाळंतपणं पुढं बरीच सुरळीत व्हायला लागली. मला वाटलं, आपल्याला चोर सापडला.

मग दौंडला गेले आणि तिथं सगळं उलटंच निघालं. फ्रिज स्वच्छ, त्याला कुलूप, कुलपाची किल्ली सिस्टरांच्या कमरेला. या सिस्टर पन्नाशीच्या, उंच, बोलायला तुटक. सलाइनचे थेंब त्या घड्याळ लावून मोजायच्या. आणि तरीही याच दवाखान्यात अधूनमधून एखादीच्या कळा अशा उसळायच्या की औषध कणभर आणि परिणाम मणभर. एकीचं बाळ गेलं होतं, एकीला घाईनं पुण्याला हलवावं लागलं होतं. डॉक्टर बाईंनी मला बोलावलं होतं ते याचसाठी.

माझा संशय सरळ सिस्टरांवर होता. नातेवाईक "लवकर मोकळी करा" म्हणून मागं लागतात, आणि या गुपचूप एखादं इंजेक्शन जादा देऊन टाकत असतील, असं मी धरून चालले होते. प्रसूतीच्या खोलीत कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर मी बसून राहायचे. सिस्टरांना माझा संशय कळत होता. एकदा हातमोजे चढवता चढवता त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही माझे हात बघायला बसलाय ना? बघा. पण ते बघून झाल्यावर मलाही सांगा, हे कशानं होतंय ते. मलाही झोप लागत नाही."

मला घाई होती, कारण वहिनींना पुन्हा दिवस गेले होते आणि नववा लागला होता. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं या खेपेलाही बाळंतपण सासरीच. वहिनींचं नाव मी याच दवाखान्यात घातलं होतं. इथं काय चुकतंय ते त्यांची वेळ यायच्या आत सापडलं नसतं, तर त्यांना मी पुन्हा त्याच खाईत ढकलणार होते. घरी कुणाशी हे बोलायची सोय नव्हती. वहिनी तर नाव घातल्यापासून मला एकच विचारायच्या, "वन्सं, तिथं नीट बघत्यात ना?" मी "हो" म्हणायचे आणि शटल आगगाडी पकडून दौंडला पळायचे.

त्या दिवशी सकाळी एक पोरगी आली. भीमेकाठच्या एका गावची, पहिलटकरीण, पुरती विशीचीही नसेल. दुधाच्या टेम्पोतून आणलेली, सोबत सासू आणि सासरा. कळा मंद होत्या. डॉक्टर बाईंनी तपासलं, कळांचं औषध घातलेलं सलाइन अगदी बारीक धारेनं सुरू करायला सांगितलं आणि त्या बाह्यरुग्णांकडं गेल्या. सिस्टरांनी माझ्यासमोर कुपी फोडली, माझ्यासमोर सलाइनमध्ये टाकली. मी टक लावून बघत होते. कुठं काही चुकलं नव्हतं.

दुपारपर्यंत फारसा फरक पडला नाही. सासू दर थोड्या वेळानं दार ढकलून डोकवायची. "का वो, लांबतंय का? पुण्याला धाडताय का काय? शिझर करू नका, बाई. आमच्या जावंचं तसंच केलं, उभी फाडली." शिझर म्हणजे सिझेरियन. सिस्टर म्हणाल्या, वेळ लागेल, पण होईल. मग पोरीला लघवीला जायचं होतं. सलाइन तेवढ्यापुरतं बंद केलं, सासू म्हणाली, "मी नेते, जरा फिरवूनबी आणते. पाय मोकळं झालं की कळा येत्यात." यात गैर काहीच नव्हतं, बायकांना आम्हीच फिरायला सांगत होतो.

पोरगी परत आली ती भिंत धरून. बेडवर चढेपर्यंत पहिली कळ, आणि ती सुटायच्या आत दुसरी. सिस्टरांनी सलाइन लावलंच नाही. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून त्या थांबल्या. पोट दगडासारखं झालं होतं. दोन कळांच्या मध्ये ते सैल पडायला हवं, त्याच वेळात बाळाला श्वास मिळतो. ते सैल पडतच नव्हतं. सिस्टरांनी पोटाला ठोके ऐकायचं नळकांडं लावून कान टेकवला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ठोके कमी होतायत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बाईंना बोलवा."

मी पळत गेले, त्यांना घेऊन आले. डॉक्टर बाईंनी विचारलं, "सलाइन कधी बंद केलं?"

"बंदच आहे. ती बाहेर गेली तेव्हापासून."

"मग उतरेल. हे शिरेतलं औषध, बंद केलं की जोर पटकन ओसरतो. डाव्या कुशीवर करा, ऑक्सिजन लावा, थोडं थांबू."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. दोघींनाही कळत होतं, इथं कोपऱ्यात बसून मी ज्याची वाट बघत होते ते हेच, आणि या वेळी मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. या बाईंनी काहीही जादा दिलं नव्हतं. मग हा जोर आला कुठून? पोरगी किंचाळायचीही थांबली होती, नुसती दात खाऊन लोखंडी दांडा धरून होती.

तिला कुशीवर वळवताना लुगडं मांडीवरून सरकलं. मांडीवर एक फुगीर, लालसर ठिपका होता, आणि त्यावर हळद चोळलेली.

"हे तुम्ही टोचलंय?" मी सिस्टरांना विचारलं.

"मी? मांडीत? मी फक्त हाताला सुई लावलीय."

मी पोरीच्या तोंडाशी वाकले. "बाळा, हे कुणी टोचलं?" तिनं दाराकडं पाहिलं आणि सांगणार नाही अशी मान हलवली. दारापलीकडं सासू उभी होती.

 टोचल्या जागी हळद चोळायची रीत दवाखान्याची नव्हे, ती गोठ्याची. आमच्याकडं दुधाच्या म्हशी होत्या, माझ्या शिक्षणाला पैसा त्यांच्याच दुधाचा लागला. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही, आणि मग तिला धार काढण्याआधी सुई द्यायची सवय आमच्या भागात घरोघरी लागली होती. पेंडीच्या दुकानात ती बाटली सहज मिळायची, कुणी काही विचारायचं नाही. सुई दिली की आई त्या जागेला हळद लावायची. आणि त्या बाटलीत असतं काय, तर हेच औषध. बाईच्या कळांचं आणि म्हशीच्या पान्ह्याचं औषध एकच. मी हे वर्गात शिकवत होते! शिकवत होते आणि तरी माझ्या डोक्यात ते कधी एका ठिकाणी आलं नव्हतं.

मी बाहेर आले. सासरा कडुनिंबाखाली टेम्पोला टेकून उभा होता. पांढरं धोतर, टोपी, हातात तंबाखूची चंची. त्याच्या अंगावर धावून जावं, असं माझ्या मनात आलं. पण आरडाओरडा केला असता तर त्याच्या तोंडाला कुलूप बसलं असतं, आणि आत एकेक क्षण जात होता. आयुष्यात पहिल्यांदा मी राग गिळला.

"आबा, म्हशी तुमच्याच का?" मी टेम्पोतल्या किटल्यांकडं बोट केलं.

"व्हय की. घरच्याच हायेत."

"पान्ह्याची सुई कोण देतं?"

"मीच देतो. माझा हात हलका हाय. म्हशीला कळत बी न्हाई." त्याचा चेहरा जरासा खुलला.

"सुनेला पण तुम्हीच दिली?"

त्यानं चंची खिशात घातली. मागून सासू आली होती, ती म्हणाली, "काय बोलताय वो, बाई! आमी कशाला..."

"मावशी, आत बाळाचे ठोके उतरतायत. मी पोलीस नाही, मी कुणाला सांगायला जात नाही. दिली असेल तर डॉक्टर बाईंना वेगळं करावं लागेल, आणि आत्ताच करावं लागेल. माझी पण वहिनी नवव्यात आहे, तिची शपथ घेऊन सांगते, मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही."

सासूनं पदर तोंडाला लावला. आबानं टेम्पोच्या सीटखालून प्लास्टिकची बाटली काढून माझ्या हातात दिली. लेबल नाही, नाव नाही, किती ताकदीचं औषध ते कुठंही लिहिलेलं नाही.

"निम्मं दिलं," तो म्हणाला. "म्हशीला जेवढं देतो त्याच्या निम्मं. जास्ती न्हाई दिलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं विचार करून, हिशोब करून दिलं होतं. म्हैस केवढी, पोरगी केवढी, तर निम्मं पुरे. पुण्याला पाठवतील, पोट फाडतील, या भीतीनं त्यानं आपल्या परीनं सुनेला सोडवलं होतं. पण कशाच्या निम्मं, हे देवालाही सांगता आलं नसतं, कारण त्या बाटलीत किती ताकद भरलीय हे भरणाऱ्यालाच ठाऊक.

मी बाटली घेऊन आत पळाले. डॉक्टर बाईंनी ऐकलं, बाटली उजेडाकडं धरली आणि खाली ठेवली. "मांडीत दिलंय म्हणजे ते काही एवढ्यात उतरत नाही. थांबण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "भूलवाल्या डॉक्टरांना फोन लावा. सिस्टर, गर्भाशय सैल करायचं इंजेक्शन भरा. हिला आत घ्यायचं."

भूल देणारे डॉक्टर स्टेशनपलीकडं राहायचे. रेल्वेचं फाटक लागलं असेल का, याशिवाय त्या वेळात माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. सिस्टर पोरीच्या उशाशी उभ्या राहून तिला सांगत होत्या, माझ्याकडं बघ, श्वास घे, माझ्याकडं बघ. स्कूटरचा आवाज आला तेव्हा मी भिंतीला टेकले.

ज्याला घाबरून त्यांनी सुई दिली होती, तेच शिझर झालं. बाळ निळसर निघालं, गप्प होतं. सिस्टरांनी त्याचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यावर टिचक्या मारल्या, पुन्हा पाठ चोळली. मी दुसरीकडं तोंड फिरवलं होतं. मग ते रडलं. बारीकसं, चिडल्यासारखं, पण रडलं.

सगळं निस्तरल्यावर सिस्टर माझ्या स्टुलावर येऊन बसल्या. "म्हणजे त्या आधीच्या..." त्या म्हणाल्या. मग हातमोजे काढत म्हणाल्या, "मॅडम, त्या बाळासाठी मी वर्षभर स्वतःला शिव्या घालतेय. मला वाटायचं, थेंब मोजताना माझंच चुकलं." त्यांच्यावर घेतलेल्या संशयाची मला लाज वाटली. मी उठून त्यांना चहा आणून दिला. चहा घेता घेता आम्ही ठरवलं, यापुढं बाळंतपणासाठी दारातून आत येणाऱ्या प्रत्येक बाईला आणि तिच्या माणसांना पहिला प्रश्न हा विचारायचा: घरून काही सुई देऊन आणलंय का? आणि विचारताना आवाज चढवायचा नाही. सिस्टर म्हणाल्या, "ते तुम्हाला जमणार नाही. मी विचारीन."

संध्याकाळच्या शटलनं मी केडगावला निघाले. गाडीत बसले आणि मग हळूहळू एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जुळायला लागली. हळद. गोठा. आमच्या गोठ्यातला कोनाडा. 'कळा लई जोरात आल्या.' ओट्यावर बसलेले आप्पा. मी स्वतःला सांगत होते, नाही, आपल्या घरात नाही, आपण शिकलेली माणसं. पण घर येऊच नये, असंही वाटत होतं.

धारेची वेळ होती. भाऊ डेअरीवर गेला होता. आई म्हशीपाशी बसलेली, आप्पा वैरण टाकत होते. कोनाड्यात बाटली होती, तशीच, लेबल नसलेली. मी ती हातात घेतली.

"आप्पा," मी म्हणाले. सिस्टर कशा विचारतील तसं विचारायचा मी प्रयत्न केला. "वहिनींच्या पहिल्या वेळी, दवाखान्यात न्यायच्या आधी, यातलं काही दिलं होतं का?"

आईचा हात थांबला. आप्पांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"दिलं व्हतं," ते म्हणाले. "गाडी मिळंना. पोरगी तळमळत व्हती. म्हशीच्या निम्मं बी न्हाई गं, त्याच्या बी निम्मं. पोरीला झेपंल एवढंच."

गोठ्याच्या दारात चरवी घेऊन वहिनी उभ्या होत्या. त्या कधीपासून तिथं होत्या ते मला माहीत नाही. आपल्याला तेव्हा कसली सुई दिली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. 'ताकदीचं हाय' म्हणून दिली होती, असं त्या मला नंतर म्हणाल्या. त्यांनी चरवी खाली ठेवली, एका हातानं पोट धरलं.

"मामंजी, दवाखान्यात सांगितलं का न्हाई?"

"कुणी इचारलंच न्हाई," आप्पा म्हणाले.

ते खरं होतं. दवाखान्यानं विचारलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मी घरात शिरल्या शिरल्या दवाखान्याच्या नावानं बोंब मारली होती, आणि त्या गोंगाटात आप्पांना बोलायला जागाच उरली नव्हती. माझ्या अभ्यासाच्या तक्त्यात औषधाचा रंग, साठवण, वेळ, मात्रा सगळं होतं, तेवढा एक प्रश्न नव्हता. मला आप्पांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना जवळ घ्यावं, असंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच मी केलं नाही.

वहिनी आत गेल्या, त्यांनी पिशवी भरली. "वन्सं, मला आत्ताच त्या तुमच्या सिस्टरांपाशी नेऊन सोडा. वेळ यायची तेव्हा येऊ दे. मी हितं थांबत न्हाई." आई रडायला लागली. वहिनींनी पायात चपला सरकवल्या. भावाला निरोप ठेवून आम्ही स्टेशनाकडं निघालो, आणि आप्पा मागं मागं चालत आले, गाडीतही चढले. कुणी त्यांना या म्हटलं नव्हतं, जा पण म्हटलं नव्हतं. पिशवी घ्यायला त्यांनी दोनदा हात पुढं केला. वहिनींनी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दौंडला सिस्टर अजून ड्यूटीवर होत्या. त्यांनी वहिनींना बसवलं, पाणी दिलं, नाव-गाव लिहिलं. या माझ्या वहिनी हे त्यांना ठाऊक होतं, तरी ठरल्याप्रमाणं त्यांनी पेन थांबवून, अगदी खालच्या आवाजात विचारलं, "घरून काही सुई देऊन आणलंय का?"

वहिनींनी मान खाली घातली. मी तोंड उघडणार होते. त्याआधी दारातून, टोपी हातात धरून उभ्या असलेल्या आप्पांनी उत्तर दिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्या येळी न्हाई."